सुट्या खडीच्या वळणावर पुढचं चाक निसटतंय, टायर कुठला घेऊ आणि ट्यूबलेस घरी बसेल का?

वळणवाट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय, थोडं लांबलंय तेव्हा सांभाळून घ्या. माझी हार्डटेल सायकल आहे, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, २९ इंची चाकं, पुढे १२० मिमीचा फोर्क, दोन वर्षं झाली चालवतेय. टायर अजून सायकलीसोबत आले तेच आहेत, २९ बाय २.२५, ट्यूबवाले, नॉब म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे बुटके आणि अगदी एकमेकांना चिकटून. टणक पायवाटेवर मस्त पळतात, तक्रार नाही. पण उतारावर दोन-तीन वळणं अशी आहेत की खाली माती दगडासारखी आणि वर बारीक खडी आणि धुळीचा थर, फरशीवर मणी सांडल्यावर जसं होतं ना तसं. तिथे पुढचं चाक काही कळायच्या आत निघून जातं. मागचं सरकलं तर जाणवतं, सावरता येतं, पण पुढचं गेलं की थेट जमीन. गेल्या महिन्यात दोनदा पडले, कोपर आणि मांडी चांगली सोलून निघाली, आणि आता ते वळण दिसलं की हात आपोआप ब्रेक आवळतात.

मागचा टायर मधोमध गोटा झालाय त्यामुळे बदलायचाच आहे, पुढचा पण बदलूनच टाकू म्हणतेय. रिमवर २५ लिहिलंय, म्हणजे आतली रुंदी २५ मिमी ना? माझं वजन ६८ किलो. हवेचा दाब दोन्हीकडे ३४ पीएसआय ठेवते, कारण एकदा २५ वर ठेवली होती तेव्हा दगडावर मागचं चाक आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली, तेव्हापासून धसका घेतलाय. एक जण म्हणाला सरळ २.६ घाल, जितका जाड तितकी पकड. खरंय का? आणि ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूबच नाही असं, करायचं झालं तर घरी जमेल का, माझ्याकडे साधा उभा पंपच आहे, कॉम्प्रेसर नाही.

खडीमाती
टायर घ्यायच्या आधी एक काम कर, पुढची हवा ३४ वरून २६ वर आण आणि मागची २९-३० वर, आणि त्याच वळणावर जाऊन बघ. ६८ किलोला २.२५ च्या टायरमध्ये ३४ म्हणजे खूपच झाली, टायर दगड झालाय तुझा.

का ते सांगतो. टायर जमिनीला किती टेकतो ते ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब एवढं सोपं आहे. सायकल धरून तू साधारण ८२ किलो, त्यातलं समज ३३ किलो पुढच्या चाकावर. ३४ पीएसआयला हिशोब येतो जेमतेम १४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे काडेपेटीपेक्षाही कमी जागा जमिनीला लागलेली. २६ ला तेच १८ होतं. ट्यूबलेस करून २१-२२ वर आलीस तर २१ च्या वर. टायरच्या भिंतीची ताकद पण थोडं वजन उचलते त्यामुळे आकडे अगदी तंतोतंत नसतात, पण दिशा हीच. आणि जागा वाढते हा अर्धाच फायदा आहे, उरलेला अर्धा म्हणजे मऊ टायर प्रत्येक खड्याभोवती वळतो, त्याला कवेत घेतो, आणि कडक टायर त्याच खड्यावरून उडी मारतो. उडालेला टायर वळणार कसा? हवेत कसली पकड.

आणि ती दोन भोकं पडली त्याला स्नेकबाइट म्हणतात, साप चावल्यासारख्या दोन खुणा. दगड आणि रिमच्या मधे ट्यूब चिमटली जाते. तो आजार मागच्या चाकाचा, कारण वजन मागे जास्त आणि दगड पण तेच जास्त खातं. त्यासाठी पुढच्या चाकाला शिक्षा कशाला. पुढे नेहमी मागच्यापेक्षा ३-४ पीएसआय कमीच ठेवायची.

अजून एक, उभ्या पंपावरचा काटा २०-३० च्या टप्प्यात बऱ्याचदा खोटं बोलतो, कारण ते काटे १६० पर्यंतचे असतात आणि खालच्या टोकाला एक-दोन पीएसआय दिसतच नाहीत. हवा मोजायचं छोटं डिजिटल गेज घे, टायरच्या आधी घे म्हणतो मी. एकच गेज कायम वापर, तो थोडा चुकीचा असला तरी चालेल, दर वेळी सारखाच चुकला की झालं.

रबरगोष्ट
हवेबद्दल वर लिहिलंय ते पटतंय. पण ताई, तुमचे टायर पण त्या जमिनीचे नाहीत हे खरंच आहे, हवा कमी करून थोडा फरक पडेल, पूर्ण नाही.

आधी २.६ चं. २५ च्या रिमवर २.६ घालू नका. रिम अरुंद आणि टायर रुंद असला की तो विजेच्या बल्बसारखा फुगतो, पायाशी निमुळता आणि वर गोल. मग दोन गोष्टी होतात. एक म्हणजे वळताना अख्खा टायर रिमवर डुलतो, मॅगीसारखं लिबलिबीत वाटतं म्हणा ना, आणि दुसरं म्हणजे गोलाईमुळे कडेचे नॉब जमिनीपासून वर जातात, आणि वळणावर तर तेच हवे असतात. २५ ला २.३ ते २.४ एकदम बरोबर. ३० मिमीचं रिम असतं तर २.४ ते २.६ म्हटलं असतं. मॅक्सिस कंपनीच्या काही टायरवर डब्ल्यूटी लिहिलेलं असतं, म्हणजे वाइड ट्रेल, ते ३० ते ३५ च्या रिमसाठी आकार दिलेले आहेत, तुम्ही त्यांचा घेतलात तर डब्ल्यूटी नसलेला २.३ बघा. आणि फ्रेममधे, फोर्कमधे जागा आहे का ते मोजा, दोन्ही बाजूला निदान ६ मिमी तरी मोकळी राहिली पाहिजे, चिखल लागला की तीच जागा भरते.

आता नॉब. टायर तीन पट्ट्यांत बघायचा. मधले नॉब ब्रेक आणि पेडल मारायला, कडेचे वळायला, आणि त्यांच्या मधे जे असतात किंवा नसतात ते झुकताना एकाकडून दुसऱ्याकडे नेतात. तुमच्या टायरला कडेचे नॉब मधल्याइतकेच बुटके असणार, बोटाने दाबून बघा, सहज वाकत असतील. टणक मातीवर सुटी खडी असेल तर खडीच्या थरातून खाली पोचून टणक जमिनीला टेकणारे उंच, पण बुडाशी भक्कम, कडेचे नॉब हवेत. मॅक्सिस मिनियन डीएचएफ, डीएचआर टू, श्वाल्बे मॅजिक मेरी, कॉन्टिनेंटल क्रिप्टोटाल एफआर हे सगळे त्या घराण्यातले. डीएचएफला मधल्या आणि कडेच्या नॉबमधे मोकळी वाट आहे, म्हणून तो सायकल पूर्ण झुकवली की झकास धरतो, पण अर्धवट झुकवली की त्या मोकळ्या जागेवर तरंगतो. तुम्ही आता घाबरून अर्धवटच झुकवत असाल, म्हणून माझं मत डीएचआर टू किंवा क्रिप्टोटालला, त्यांच्यात ती पोकळी तेवढी जाणवत नाही. डीएचआर मधला आर मागच्या चाकाचा असला तरी पुढे बिनधास्त चालतो, कितीतरी जण दोन्हीकडे तोच लावतात.

रबर किती मऊ हे नॉबइतकंच महत्त्वाचं आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत. एकाच नावाचा, एकाच नक्षीचा टायर तीन-तीन रबरांत मिळतो आणि चालवायला तीन वेगळे टायर असतात. मॅक्सिसमधे मॅक्सस्पीड, मॅक्सटेरा, मॅक्सग्रिप असं मऊ होत जातं, श्वाल्बेचं अ‍ॅडिक्स रंगाच्या रेघेवरून कळतं, लाल स्पीड, निळी स्पीडग्रिप, नारिंगी सॉफ्ट, जांभळी अल्ट्रा सॉफ्ट. पुढे मधलं किंवा मऊ घ्या, मागे एक पायरी कडक. मऊ रबर लवकर झिजतं, चढाला जड जातं, पण पुढचं चाक मागच्याइतकं घासत नाही त्यामुळे परवडतं.

शेवटचं केसिंग, म्हणजे नॉबच्या खालचं कापड. पातळ केसिंग मऊ चालतं पण कमी हवेत दगडाने कापतं. मॅक्सिसचं एक्सो हे कडेच्या भिंतीला जाळीचं संरक्षण, एक्सो प्लस त्याहून भक्कम, डबलडाउनला कापडाचे दोन थर. हार्डटेलच्या मागच्या चाकाला सस्पेन्शनची मदत नाही, सगळा मार टायर खातो, म्हणून मागे एक्सो प्लसच्या बरोबरीचं काहीतरी घ्या, पुढे साधं एक्सो पुरे. पुढे-मागे मिळून थोडं वजन वाढेल, वाढू दे.

ओलीमुळं
रबरगोष्टशी एका बाबतीत भांडायचंय. मागे कडक आणि झटपट पळणारा घ्या हे सगळे सांगतात, पण सुट्या खडीच्या चढावर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागेवर फिरतं, ते कोण बघणार? मी एक अख्खा हंगाम मागे बुटक्या नॉबचा टायर वापरला, सपाटीला खूप मजा आली पण प्रत्येक खडा चढ पायी चढलो. आणि उतारावर मागचा ब्रेक म्हणजे नुसता घसरणारा नांगर झाला होता. त्या मोसमाच्या शेवटी मागे पण डीएचआर टू लावला आणि तो चढ पहिल्याच दिवशी बसून चढलो. म्हणून मागे नक्षी तगडीच घ्या, पाहिजे तर रबर कडक घ्या, इतकंच.

आणि कुणी ओल्यात चालवत असेल तर त्याच्यासाठी. चिखलात जाड टायर उलटा त्रास देतो, वर तरंगत राहतो, थोडा अरुंद आणि लांब लांब नॉबचा टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला लागतो आणि नॉब विरळ असल्यामुळे फिरता फिरता चिखल झटकून टाकतो. ओली मुळं आणि ओला कातळ यावर मात्र नॉब कितीही उंच असले तरी कामाचे नाहीत, तिथे फक्त मऊ रबर आणि कमी हवा. आणि मुळावरून जाताना सायकल सरळ उभी ठेवायची, ब्रेक सोडून द्यायचा, वळण त्याच्या आधी नाहीतर नंतर.

वळणवाट
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं मन लावून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आधी फक्त हवेचं केलं. गेज आणलं तर कळलं की माझ्या पंपाचा काटा ३४ दाखवत होता तेव्हा खरे ३७ होते! पुढे २६ मागे ३० ठेवून तेच वळण सहा वेळा केलं, एकेक पीएसआय कमी करत पुढे २४ पर्यंत गेले. फरक इतका आहे की हसू आलं मला एकटीलाच. हाताला जो झिणझिणाट यायचा तो गेला. तरी पाचव्या वेळी थोडा वेग वाढवला तर पुढचं सरकलंच, पण या वेळी आधी जरा कुरकुरलं, एकदम गेलं नाही, पाय टेकवून वाचले.

मग टायर मागवले. पुढे क्रिप्टोटाल एफआर २.४ सॉफ्ट रबरात, मागे क्रिप्टोटाल आरई २.४ एन्ड्युरन्स रबरात, ओलीमुळंचं ऐकून मागे पण तगडी नक्षी. फोर्कमधे जागा मोजली, भरपूर आहे, मागे दोन्हीकडे ७ मिमी, बसेल. रिम ट्यूबलेस रेडी आहे असं त्यावरच लिहिलंय. टेप, वॉल्व्ह, आणि भोकं बुजवणारं पातळ द्रव म्हणजे सीलंट आणलंय. आता बसवायचं कसं ते कुणीतरी अगदी पहिल्यापासून सांगा, मी ट्यूब बदलण्यापलीकडे काही केलेलं नाही.

स्पोकमिस्त्री
सांगतो, घाई करू नका, पहिल्या चाकाला दोन तास लागले तरी चालतील. पुढच्या चाकापासून सुरू करा, ते सोपं.

रिमवरची जुनी पट्टी काढा, रिम आतून स्पिरिटने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसून अगदी कोरडं करा. बोटाचं तेल राहिलं तरी टेप सुटतो. टेपची रुंदी आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिमी जास्त हवी, तुमच्या २५ ला २७ ते २९ चा, म्हणजे तो खालच्या खोबणीत बसून दोन्ही कडांच्या भिंतीपर्यंत चढेल. वॉल्व्हच्या भोकाच्या थोडं आधी सुरू करा, टेप जोरात ताणत ताणत लावा, इतका की खोबणीत घट्ट बसून बुडबुडा राहणार नाही, आणि भोकाच्या पुढे वीतभर जाऊन संपवा म्हणजे भोकावर दोन थर येतात. मग अंगठ्याला कापड गुंडाळून पूर्ण गोल दाबत फिरा. भोक ब्लेडने कापू नका, चिरा पुढे फाटत जातात, दाभण किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक तापवून पाडा, कड वितळून गोल होते. वॉल्व्ह घाला, बाहेरची चकती हातानेच आवळा, पक्कड लावू नका, ट्रेलवर पंक्चर होऊन ट्यूब घालायची वेळ आली तर ती चकती हाताने सुटली पाहिजे.

टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघा, उलटा बसवून सगळं भरल्यावर कळलं की जीव जातो. एक बाजू आधी रिमच्या आत घाला. दुसरी बाजू वॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरू करून दोन्ही हातांनी वॉल्व्हकडे येत संपवा. अख्खी खुबी इथे आहे, टायरची कड म्हणजे बीड, ती सतत रिमच्या मधल्या खोबणीत ढकलत राहायची. खोबणी खोल असते, तिथे घेरा लहान असतो, म्हणून शेवटच्या वीतभर टायरला तेवढी ढील मिळते. लोक हे करत नाहीत आणि शेवटी लोखंडी पट्टीने उचकटतात, मग टेप फाटते, रिमला खाच पडते. प्लास्टिकची लिव्हर घ्या, तीही शेवटच्या दोन बोटांपुरती, आणि टोक आत खुपसू नका.

आता साबणाचं पाणी दोन्ही बीडला लावा, ब्रशने, सढळ हाताने. वॉल्व्हमधला कोअर, म्हणजे आतला हवा अडवणारा छोटा भाग, काढून ठेवा म्हणजे हवा एका दमात जाते. आधी सीलंट घालू नका, कोरडं बसवून बघा. पंप जोरजोरात मारा, थांबू नका, बीड खोबणीतून वर सरकून रिमच्या कडेला बसताना टण टण असे दोन-चार आवाज येतात, दचकू नका, तोच हवा असलेला आवाज आहे. टायरवर आणि रिमवर जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, दोन्हीतला जो कमी असेल त्याच्या वर एक पीएसआय जायचं नाही, आणि हवा भरताना तोंड टायरजवळ न्यायचं नाही, चष्मा घालायचा. बसला की टायरच्या कडेला रिमला लागून एक बारीक रेघ असते, ती पूर्ण गोल सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, कुठे आत बुडाली असेल तर तिथे बीड वर आलं नाही.

मग हवा सोडा, बीड जागेवरच राहील, वॉल्व्हमधून सीलंट घाला. २९ बाय २.४ ला १०० ते १२० मिली. बाटली घालायच्या आधी खूप हलवा, तळाशी जे कण असतात तेच भोकं बुजवतात. कोअर लावा, हवा भरा, चाक आडवं धरून वर्तुळात झुलवा, दोन्ही बाजूंनी, मग बादलीवर एका बाजूने अर्धा तास आणि दुसऱ्या बाजूने अर्धा तास आडवं ठेवा. लगेच एक छोटी फेरी मारून या, सीलंट सगळीकडे पसरायला तेच उत्तम.

वळणवाट
पुढचं बसतच नाहीये. टेप लावली, साबण लावला, कोअर काढला, दंड भरून आले पंप मारून पण सगळी हवा कडेने सुसाट बाहेर. टायर घडी करून आला होता, त्यामुळे दोन ठिकाणी वाकडा पण झालाय. तीन वेळा केलं. शेवटी रडकुंडीला येऊन ठेवून दिलंय.

ओलीमुळं
रडू नका, हे सगळ्यांचंच होतं. ट्यूबची युक्ती करा. ट्यूबलेस वॉल्व्ह काढून आत नेहमीसारखी ट्यूब घाला आणि हवा भरा, बीड दोन्हीकडे टणटण बसेल. तसंच रात्रभर ठेवा, घडीचा वाकडेपणा पण निघून जातो. सकाळी हवा सोडून फक्त एकच बाजू काढा, ट्यूब बाहेर घ्या, ट्यूबलेस वॉल्व्ह लावा. दुसरी बाजू आधीच हवाबंद बसलेली आहे, आता पंपाला एकाच बाजूचं काम उरतं, साध्या पंपानेही होतं.

स्पोकमिस्त्री
अगदी बरोबर. त्यात भर एवढीच की ट्यूब काढताना लिव्हर लागली तर टेपला खरचटणार नाही हे बघा. आणि शेवटी हवा भरताना चाक हातात लटकवून धरा, जमिनीवर टेकवलं तर सायकलीच्या नाही पण चाकाच्या वजनानेही बीड एका जागी आत दबतं आणि तिथूनच हवा निघते. न बसलेल्या बाजूचं बीड हाताने ओढून रिमच्या कडेपर्यंत आणून ठेवा, वॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना विशेष, तिथे बीड वॉल्व्हच्या रबरावर चढून बसलं तर हवा आतच शिरत नाही.

एक सांगायचं राहिलं. इथे काही जण पेटता वायू मारून टायर बसवतात ते व्हिडिओ पाठवतील, ते करायचं नाही. आणि कार्बन डायऑक्साइडची छोटी टाकी वापरलीत तर फक्त बसवण्यापुरती, सीलंट घालायच्या आधी, कारण त्या थंड वायूने लेटेक्सचं सीलंट गोळा होऊ शकतं.

वळणवाट
बसलं!! रात्रभर ट्यूब ठेवली, सकाळी वीस-पंचवीस पंपात टण. आवाज ऐकून घरचे धावत आले. मागचं त्याच रीतीने पाऊण तासात झालं.

पण मागच्या चाकातून रात्रीत हवा ३० वरून ११ वर आली. टायरच्या कडेला कुठेच फेस नाही, पाण्याचा हात फिरवला तर स्पोकच्या भोकांतून बुडबुडे येतायत. म्हणजे काय?

स्पोकमिस्त्री
म्हणजे टेप. सीलंट आणि हवा टेपच्या खालून जाऊन स्पोकच्या भोकांतून येतेय, टायरचा दोष नाही. बीडच्या कडेला टेप पूर्ण पोचली नसेल, किंवा लिव्हरने टोचली असेल, किंवा वॉल्व्हचं भोक मोठं झालं असेल. अजून सीलंट ओतून बरं होईल असं समजू नका, दोन दिवस बरं वाटेल आणि परत तेच, वर स्पोकच्या निपलमधे सीलंट जाऊन गंजतात. टायर उतरवा, सीलंट वाटीत काढा, ते परत वापरता येतं, रिम पूर्ण कोरडं करून नवी टेप लावा. पहिल्या चाकाची टेप कुठल्या रुंदीची लावली होती?

वळणवाट
दोन्हीला २५ ची लावली. तुम्ही २७ ते २९ म्हणाला होता, पण रिम २५ चं म्हणून मी आधीच २५ आणून ठेवली होती आणि चालेल वाटलं. पुढचं चाक मात्र हवा धरून आहे. आता २८ ची मागवते आणि दोन्ही करते, मधेच ट्रेलवर पुढचं सुटायला नको.

रबरगोष्ट
हो, दोन्ही कराच. तोवर मागे ट्यूब घालून चालवता येईल, नवा टायर ट्यूबनेही चालतो, फक्त हवा २८ च्या खाली नेऊ नका.

वळणवाट
झालं सगळं, दोन आठवडे होऊन गेले. २८ ची टेप, मागचं आता तीन दिवसांत जेमतेम एक पीएसआय सोडतं. हवा पुढे २१, मागे २४. २० वर पण पुढचं करून बघितलं तर जोरात वळताना टायर रिमवर मुरगळल्यासारखा वाटला आणि एकदा फुस्स करून हवा गेली, म्हणून २१ वर थांबले.

आणि ते वळण. पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीने ब्रेक धरूनच गेले, काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा वळणाच्या आधीच वेग कमी केला, आत ब्रेक सोडला, बाहेरचा पाय खाली दाबला आणि सायकल खरंच झुकवली, तर कडेचे नॉब खडीतून खाली जाऊन जमिनीला लागताना हँडलमधे कळलं मला, अक्षरशः कळलं. नंतर उन्हं उतरेपर्यंत तेच करत बसले. चढाला जड झालीय हे खरं, जुन्या टायरवर जी टेकडी गप्पा मारत चढायचे तिथे आता तोंड बंद ठेवावं लागतं. पण मी तक्रार करणार नाही.

दोन प्रश्न उरलेत. जुना पुढचा टायर बऱ्यापैकी चांगला आहे, तो ठेवू का? आणि सीलंट परत कधी घालायचं?

खडीमाती
फुस्स झालं त्याला बर्प म्हणतात, बीड क्षणभर रिमपासून सुटलं. २१ तुझ्यासाठी बरोबर दिसतेय. थंड सकाळी आणि भर उन्हात एकच आकडा येत नाही, म्हणून निघायच्या आधी तिथल्या तिथे मोजायची.

जुना टायर ठेव, कोरड्या टणक वाटेवर लांब जायचं असेल तेव्हा मागे लाव. मागेच, पुढे नाही. कडेचे नॉब बुडाशी चिरलेत का ते वाकवून बघ, चिरले असतील तर टाकून दे.

सीलंट दर दोन-तीन महिन्यांनी बघ, उन्हाळ्यात त्याहून लवकर. कोअर काढून आत बारीक काडी घाल, ओली आली तर ठीक, कोरडी आली किंवा चाक हलवून आत काहीच डुचमळत नसेल तर ६० मिली टाक. कोअर काढायच्या आधी हवा पूर्ण सोड आणि वॉल्व्ह घड्याळात ४ किंवा ८ वाजता काटा असतो तिथे आण, अगदी तळाशी ठेवलास तर सीलंट अंगावर येतं. आणि खिशात प्लग ठेव, रबराच्या त्या चिकट वाती, सीलंटला न बुजणारं मोठं भोक पडलं तर टायर न काढता जागेवरच बंद होतं.

ओलीमुळं
आणि एक जुनी ट्यूब सीटच्या पिशवीत असू द्याच. घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून बघा, सीलंटने काटे जिरवलेले असतात, आतून टोकं तशीच असतात, नवी ट्यूब घातली की पाच मिनिटांत तेच काटे तिला टोचतात.

वळणवाट
काल मागच्या टायरला बाहेरून बघितलं तर तीन काटे सापडले, तीनही तसेच ठेवलेत. उपटायचे का?

स्पोकमिस्त्री
घरी उपटा, ट्रेलवर नाही. उपटला की ते भोक खाली येईल असं चाक फिरवून ठेवा, सीलंट तिथे जमू द्या, बुडबुडा थांबला की हवा मोजा आणि निघा.